'फक्त' मिक्सटेप

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. "काका, अल्बम नाहीये, फक्त मिक्सटेप आहे. वेळ मिळाला तर ऐका." ऐकली, दोनदा. गाण्यांबद्दल शेवटी बोलतो, आधी त्या 'फक्त'चा समाचार घेऊ दे. कंपनीशिवाय, स्वतःच गाणी भरून लोकांत वाटायची ती मिक्सटेप, तिला 'फक्त' का?

कॉलेजात असताना मी संध्याकाळी एका कॅसेटच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं आणि आम्ही नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. पहिल्याच आठवड्यात मी एक यादी आहे त्या क्रमाने भरत गेलो आणि 'ए' बाजू संपताना त्या माणसाचं सगळ्यात लाडकं गाणं मधेच तुटलं. मालकाने ती माझ्याकडून पुन्हा भरून घेतली. वर विचारलं, "हे कोणासाठी भरतोयस, ते बघितलंस का?" यादीच्या डोक्यावर एका मुलीचं नाव होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

तू रॅपच्या ज्या परंपरेत उतरलायस तिची सुरुवात याच धंद्यातून झाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 11 ऑगस्ट 1973 ला कूल हर्क नावाच्या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या, तो दिवस हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या संगीताचा, वाढदिवस मानतात. पण रॅपच्या रेकॉर्डची बाजारात हवा झाली ती 1979 मध्ये. मधली सहा वर्षं हे संगीत कुठे होतं? पार्ट्यांमध्ये आणि पार्ट्यांत भरलेल्या कॅसेटांवर. टॅक्सीत, खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये, एकाकडून दुसऱ्याकडे उतरवून घेतलेल्या. ग्रँडमास्टर फ्लॅश हा डीजे तर लोकांना हवी तशी टेप भरून द्यायचा, मिनिटाला एक डॉलर घेऊन. पुढे न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये डीजे ब्रूसी बीच्या टेपवर आपलं नाव पुकारलं जावं म्हणून खिसा गरम असलेली मंडळी पैसे मोजायची. अल्बम नंतर आला रे. टेप आधीची.

टेपवर डीजे मधेमधे स्वतःचं नाव ओरडतो, त्याचा तुला वैताग येतो, असं तू मागे म्हणाला होतास. मलाही येतो. पण नव्वदच्या दशकात डीजे क्लूसारख्यांकडे कुठेच न आलेली गाणी असायची आणि शेजारचा विक्रेता तीच कॉपी करून विकायला टपलेला. ती आरोळी म्हणजे दुधाच्या कॅनवरचा शिक्का समज.

माझा लाडका मात्र न्यूयॉर्कचा नाही, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. डीजे स्क्रू. हा रेकॉर्ड्स मंद करून वाजवायचा, इतक्या की गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटावा, आणि एकेक ओळ मागे ओढून पुन्हा म्हणायला लावायचा. लोक त्याच्याकडे यादी घेऊन जायचे, आमच्या दुकानात यायचे तसेच. कोणाचा वाढदिवस असला की त्याच्या नावाने टेप. 1996 साली अशाच एका वाढदिवसाला खोलीत जमलेल्या मित्रांनी एकाच ठेक्यावर आळीपाळीने रॅप केलं, ते पस्तीस मिनिटांच्या आसपास चाललं. '27 जून' या नावाने ह्यूस्टनची पोरं ते अजून ऐकतात. संध्याकाळी त्याच्या घरासमोर गाड्यांची इतकी रांग लागायची की इथे अमली पदार्थ विकतात असा पोलिसांना संशय आला. विकायच्या होत्या त्या करड्या कॅसेट. 1998 मध्ये त्याने दुकान टाकलं आणि नोव्हेंबर 2000 मध्ये, तिशीही न गाठता, तो गेला. आता त्याच्या रेकॉर्ड्स ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्यात. त्या माणसाने साऱ्या जगासाठी काही बनवलं नाही. तो गल्लीतल्या अमक्यातमक्यासाठी भरत राहिला.

आता दुसऱ्यांच्या बीटवर, म्हणजे त्यांच्या गाण्यामागच्या तयार संगीतावर, रॅप करण्याबद्दल. तुझ्या टेपवर अशी चार गाणी आहेत आणि तू त्याबद्दल माफी मागतोस. कशाला? 2000 मध्ये गोळ्या खाऊन बरा होणाऱ्या फिफ्टी सेंट या रॅपरला त्याच्या रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं. त्याने लोकांना तोंडपाठ असलेल्या बीट्स उचलल्या, त्यांवर आपल्या ओळी टाकल्या आणि टेपवर टेप रस्त्यावर आणल्या. 2003 च्या फेब्रुवारीत त्याचा मोठा अल्बम आला तोवर गिऱ्हाईक तयार होतं. ओळखीच्या चालीवर नवं काही म्हणून दाखवलं की ऐकणाऱ्याला तुलना करता येते. आपल्याकडे एकच बंदिश दहाजण गातात, तेव्हा वेगळं काय होतं?

पण कायदा हे मानत नाही. जानेवारी 2007 मध्ये अटलांटात मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या जागेवर धाड पडली, 81,000 सीडी जप्त झाल्या. गंमत बघ, कंपन्यांचेच लोक जाहिरातीसाठी अशा डीजेंना गाणी आणून द्यायचे. फुकट वाटलं म्हणजे सुटलो, असंही नाही. चान्स द रॅपरची 2013 ची टेप फुकट होती. 2019 मध्ये ती स्ट्रीमिंगवर चढवताना एका गाण्यातल्या उसन्या तुकड्याची परवानगी मिळाली नाही आणि त्या जागी छोटासा निरोप टाकावा लागला. म्हणून ती चार गाणी वेगळी ठेव. उद्या कुठे रीतसर चढवायची वेळ आली तर त्यांच्यावाचूनही टेप उभी राहिली पाहिजे. आणि सगळ्याची एक प्रत घरात ठेव, साईटच्या भरवशावर राहू नकोस.

तर तुझी टेप. एकोणीस गाणी जास्त आहेत. अकरावं आणि चौदावं एकच गाणं आहे, फक्त शिव्या बदलल्यात. पहिल्या गाण्याआधीचं मिनिटभराचं भाषण काढ. पाचवं शेवटी ने, कारण त्यानंतर मला काहीच ऐकावंसं वाटलं नाही. सहाव्यात तू आईबद्दल म्हणतोस तेव्हा मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. "आवाज साफ करून देतो," असं कोणी म्हणालं तरी तिला हात लावू देऊ नकोस.

रविवारी ये. माझ्या जुन्या डेकचा पट्टा बदलून घेतलाय, दोन्ही कप्पे चालतात. कोऱ्या कॅसेट सहा निघाल्या माळ्यावरून, त्यातल्या दोनांना बुरशी आहे. म्हणजे चार धर. येताना चार माणसांची नावं लिहून आण.

तुझा,
काका