सीपीएच्या तोंडी होकारावर रिटर्न भरू नका

प्रश्न: आम्ही पती-पत्नी अमेरिकेत राहतो. 2016 मध्ये एका लहान कंपनीचे शेअर्स थेट कंपनीकडून घेतले होते. यंदा ते विकले, मोठा नफा झाला. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम 1202 नुसार (लहान कंपन्यांच्या शेअर्सवरच्या नफ्याला मिळणारी करसूट) तो करमुक्त आहे, असं आमचे सीपीए (परवानाधारक लेखापाल) फोनवर म्हणाले. पण कंपनी सॉफ्टवेअरसोबत कन्सल्टिंगही करायची. वकिलाचं लेखी मत घ्यायला बराच खर्च येईल. घ्यावं का?

उत्तर: घ्या, आणि रिटर्न भरण्याआधी घ्या. नंतर घेतलेल्या मताच्या भरवशावर तुम्ही रिटर्न भरलं, असं म्हणताच येणार नाही.

तुमची शंका रास्त आहे. शेअर्स तुमच्याकडे असताना जवळपास सर्व काळ कंपनीची किमान 80 टक्के मालमत्ता पात्र व्यवसायात वापरात असावी लागते, आणि कन्सल्टिंग पात्र नाही. आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) सूट नाकारली तर कर आणि व्याज भरावंच लागेल; त्यातून कोणाचंही मत वाचवत नाही. ते वाचवू शकतं कमी भरलेल्या करावरच्या 20 टक्के दंडातून. त्यासाठी टॅक्स कोर्टाने 2000 साली निओनेटॉलॉजी खटल्यात तीन कसोट्या घालून दिल्या: सल्लागार त्या विषयातला जाणकार हवा, तुम्ही त्याला खरी आणि पुरेशी माहिती दिलेली हवी, आणि त्याच्या सल्ल्यावर तुम्ही प्रामाणिकपणे विसंबलेले हवं.

अनेक जण दुसऱ्या कसोटीवर अडकतात. वकिलाला कंपनीचे ताळेबंद, ग्राहकांचे करार, बिलं, शेअर सर्टिफिकेट, सगळं द्या. गैरसोयीचे कागद आधी द्या. मसुदा हातात आला की निष्कर्षाआधी गृहीतकं वाचा. ‘कंपनीचा व्यवसाय पात्र होता असे गृहीत धरून’ असं वाक्य दिसलं तर तुमचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे. तो मसुदा परत पाठवा. निष्कर्ष किती ठाम आहे तेही स्पष्ट लिहून घ्या. ‘मोअर लाइकली दॅन नॉट’ म्हणजे 50 टक्क्यांहून जास्त शक्यता, ‘शुड’ म्हणजे त्याहून बरीच अधिक खात्री.

कंपनीच्या वकिलाचं मत चालवून घेऊ नका, ते तुमच्यासाठी लिहिलेलं नसतं. आणि दंडाविरुद्ध हे मत पुढे केलंत की त्या विषयापुरती वकिलाशी झालेल्या बोलण्याची गोपनीयता सहसा संपते. तुम्ही काय सांगितलं आणि काय दडवलं, दोन्ही समोर येतं.

राज्याचा कर वेगळा तपासा. कॅलिफोर्निया ही सूट मानत नाही. वेळ कमी असेल तर फॉर्म 4868 भरून मुदत वाढवून घ्या. पण ती मुदत रिटर्नची असते, कर भरण्याची नाही.