चुकू द्यावं, पण परतीची वाट ठेवावी

तुम्ही विचारलंय की वापरणाऱ्याच्या चुकांपासून सॉफ्टवेअरने त्याला वाचवावं का. वाचवावं, पण सारखं ‘नक्की ना?’ विचारून नव्हे.

बेळगावात रविवार पेठेतल्या एका किराणा ठोक दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. तिथले दिवाणजी मराठी शाळेत सातवी शिकलेले, कन्नड फाडफाड बोलणारे. माझ्या प्रोग्रामात बिल पुसताना ‘आर यू शुअर?’ अशी इंग्रजी चौकट यायची. एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं, तर चौकट पूर्ण उमटायच्या आत एंटर दाबून मोकळे! "काका, वाचलं का काय लिहिलंय?" म्हटलं. म्हणाले, "त्यात काय वाचायचं? एंटर मारल्याशिवाय गाडी पुढं जात न्हाई." चौकट मराठीत केली. आठ दिवसांत तीच गत.

हसू नका, कारण मोठी चूक माझीच झाली. एका गिऱ्हाइकाची बाकी दुरुस्त करताना मायएसक्यूएल या डेटाबेसला दिलेल्या ‘अपडेट’ म्हणजे बदल करायच्या आज्ञेत ‘व्हेअर’, म्हणजे कुणाच्या नोंदीत बदल करायचा ती अट, लिहायची राहिली. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल, सगळ्या उधारीवाल्यांच्या नावे एकच रक्कम, ४,३५० रुपये. ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच पक्का होणं, मुळातच चालू असतो, त्यामुळे रोलबॅकचा, म्हणजे बदल मागे घेण्याचा, प्रश्नच नव्हता. बॅकअप आदल्या रात्रीचा. दिवसभराच्या नोंदी दिवाणजींच्या लाल खतावणीवरून रात्री साडेदहापर्यंत परत भरल्या, ते वाचून दाखवत होते आणि मी टाइप करत होतो. मधेच त्यांनी वहीतली चुकलेली एक रक्कम दाखवली. खोडलेली नव्हती, खाली उलटी नोंद होती. "पुसायचं न्हाई बाळा, नावे पडलं तर जमा करायचं."

दुसऱ्या दिवशी मी पुसायचं बटण काढून टाकलं. आता बिल फक्त ‘रद्द’ होतं, यादीत करड्या अक्षरांत राहतं आणि एका क्लिकने परत येतं. रद्द करताना काहीच विचारत नाही. जीमेलचं ‘अनडू’ याच जातीचं: पाठवलेली मेल जास्तीत जास्त ३० सेकंद मागे घेता येते.

जिथे मागे फिरताच येत नाही, तिथे मात्र अडवावं, आणि अडवताना काहीतरी दाखवावं. यूपीआयमध्ये पिनच्या आधी घेणाऱ्याचं नाव दिसतं, म्हणून नंबरातला एखादा आकडा चुकला तरी माणूस दचकून थांबतो. नुसतं ‘पैसे पाठवायचे का?’ विचारलं असतं तर दिवाणजींनी एंटरच मारलं असतं. माझ्याकडे अशी एकच जागा आहे, ३१ मार्चला वर्ष बंद करणं. तिथे वर्षाचा आकडा हाताने टाइप करावा लागतो. दिवाणजी कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणि हो, मायएसक्यूएलमध्ये ‘सेफ-अपडेट्स’ नावाचा पर्याय आहे, ‘व्हेअर’ नसलेलं अपडेट तो नाकारतो. त्याचं अधिकृत दुसरं नाव ‘आय-ॲम-ए-डमी’, म्हणजे ‘मी ढ आहे’. त्या रात्रीपासून माझ्या मशीनवर तो चालू आहे, आणि मी दुसऱ्याच नावाने लावलाय.