तुमचा ‘गाईड’, तुमचा ‘देऊळ’ आणि माझी जिजाई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पंचविशीत ‘गाईड’ पाहून आल्यावर तुम्हाला रात्रभर झोप लागली नव्हती. आता तीन वर्षं नामस्मरण चालू आहे आणि तोच ‘गाईड’ खोटा वाटतो, ‘देऊळ’ मात्र परत परत बघावासा वाटतो. ही प्रगती म्हणायची की श्रद्धा आटत चालली आहे, असं तुम्ही विचारलंय.

मला दोन्ही वाटत नाही. तुमचे दोन्ही सिनेमे एकाच प्रश्नावरचे आहेत. १९६५ च्या ‘गाईड’मध्ये तुरुंगातून सुटलेल्या राजूला गावकरी स्वामी समजतात, पावसासाठी उपासाला बसवतात आणि लोकांचा विश्वास पेलता पेलता तो माणूस आतून खरा होत जातो. २०११ च्या ‘देऊळ’मध्ये नेमकं उलटं घडतं. हरवलेली गाय शोधत गेलेल्या केश्याला झाडाखाली दत्त दिसतो. त्याचं ते दर्शन खरं असतं, पण गाव ते उचलतं, देऊळ बांधतं, दुकानं मांडतं. गावात दवाखाना व्हायचा असतो, तो राहूनच जातो. माझ्या आतलं काही चारचौघांत गेलं तर त्याचं काय होईल, हा तुमचा प्रश्न पंचविशीतही होता आणि आजही आहे. तेव्हा तुम्हाला लोकांचा आधार हवा होता, आता जपणूक हवी आहे. तीन वर्षं मनापासून नाम घेणाऱ्याला असं वाटणं मला अगदी साहजिक वाटतं.

सिनेमांची यादी बदलली की वाट बदलली असं मी म्हणणार नाही. माझा सिनेमा चाळीस वर्षं एकच आहे, प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांनी तो १९३६ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लहानपणी मी फक्त गरुडाच्या विमानाची वाट बघायचो. कॉलेजात असताना त्याच विमानाची लाज वाटायची, चमत्कार आले की मी उठून बाहेर जायचो.

पुढे सत्संगात बोलायला लागलो. लोक ऐकायचे, पाया पडायचे. त्या दिवसांत मला साळोमालो बघवेना. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा तो माणूस पडद्यावर आला की पोटात ढवळायचं, कारण मीही पुस्तकातला अनुभव माझा म्हणून सांगत होतो. त्याच सिनेमातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे. लोक आजही ते तुकोबांचंच समजून म्हणतात. एकाने तुकोबांवर आपलं नाव लावलं, दुसऱ्याचे शब्द तुकोबांच्या नावात विरघळून गेले. हे लक्षात आलं त्या वर्षी मी बोलणं बंद केलं.

पण खरा धक्का सिनेमातल्या जिजाईने, तुकोबांच्या बायकोने, दिला. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं (ध्यानाचं) शिबिर करून आलो होतो. पहाटे दोन तास आसन मोडायचं नाही, असा नेम होता. मुलगा चार वर्षांचा होता. एका पहाटे तो तापाने फणफणला. मीठ-पाण्याच्या घड्या ठेवणारी बायको मला शेजारच्या खोलीतून ऐकू येत होती, आणि मी डोळे मिटून बसून राहिलो. ती मला हाक मारायला आली नाही. त्यानंतर महिन्याभरात एका रविवारी टीव्हीवर ‘संत तुकाराम’ लागला. ती सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. जिजाई आजारी पोराला ओढत देवळात निघाली, हातात वहाण, आज विठोबाला सोडायचंच नाही म्हणून. बायकोचे हात थांबले. मुलाचा छोटा शर्ट मांडीवर तसाच राहिला. ती एवढंच म्हणाली, “बरोबर करतेय ती.”

तोवर मी त्या सिनेमात स्वतःला तुकोबांच्या जागी बसवत होतो. घर कोण चालवतंय, हे मी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दोन तासांचा अर्धा तास केला आणि सकाळचा डबा माझ्याकडे घेतला. माझ्या साधनेत त्याहून मोठं काही घडलं असेल असं मला वाटत नाही. आता शेवटी विमान वर निघतं तेव्हा माझं लक्ष खाली राहिलेल्या जिजाईकडे असतं.

म्हणून कुठला सिनेमा आवडतो यापेक्षा मी हे बघतो: त्यातल्या कुठल्या प्रसंगाची आपण वाट बघतो, कुठे पाणी प्यायला उठतो, कोणाचा राग येतो. राग तर फार खरं बोलतो. एक मात्र मनापासून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं त्याला साधना समजू नका. थिएटरात मी कैकदा रडलो आणि घरी येऊन बायकोवर ओरडलो आहे.

‘गाईड’ लगेच टाकून देऊ नका. एकदा परत लावा आणि राजूऐवजी त्याच्याभोवती बसलेल्या गावकऱ्यांकडे बघा. त्यांचा विश्वास भाबडा आहे, पण राजूला त्यानेच धरून ठेवलं आहे. मग ‘देऊळ’ लावा. शेवटी केश्या मूर्ती उचलून पाण्यात सोडतो तिथे तुम्हाला सुटल्यासारखं वाटतं की काही गमावल्यासारखं? जमलं तर इथेच लिहा, मी वाट बघतोय.