कात्री हातात घेऊ नका

"मुलीची राज्यसेवेतून नायब तहसीलदार म्हणून निवड झाली. उद्या चॅनलवाले येणार आहेत. एका पेपरवाल्याने मला छाटणीची कात्री घेऊन शेजारच्या द्राक्षबागेत उभं राहायला सांगितलंय. मजुरी सोडून मला दहा वर्षं झाली, आता माझी पिठाची गिरणी आहे. मुलगी चारचौघांत बोलायला घाबरते. क्लासवालेही व्हिडिओ मागतात. काय करावं?" – एक वडील, तासगाव तालुका

नमस्कार दादा,

लेकीचं अभिनंदन, आणि तुमचंही.

आधी कात्रीचं. नाही म्हणा. 'मजुराची मुलगी' हा मथळा त्या बातमीदाराच्या डोक्यात तयार आहे, त्याला आता फक्त फोटो हवाय. तुम्ही मजुरी केलीत हे खरंच आहे आणि ते सांगण्यात कमीपणा नाही. पण आज गिरणी चालवता, तर फोटो गिरणीतला द्या. उद्या भावकीतलं कुणी विचारलं, "बागेत कधी गेला होतास रे?", तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, बातमीदाराला नाही.

आता ताईचं. टीव्हीच्या बातमीत तिच्या वाट्याला पंधरा-वीस सेकंदांचा बाईट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, येईल, मुलाखत अर्धा तास चालली तरी. प्रश्न बहुतेक वेळा कापला जातो, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात हवं. "किती वेळा प्रयत्न केला?" यावर "तीन" असं म्हटलं, तर ते वापरता येत नाही. "तिसऱ्या प्रयत्नात माझी निवड झाली," हे वापरता येतं. "कसं वाटतंय?" हा प्रश्न येणारच. 'शब्दांत सांगता येत नाही' हे सगळेच म्हणतात. निकाल कळला तेव्हा ती कुठे होती, पहिला फोन कुणाला केला, एवढं सांगितलं तरी पुरे. आज रात्री गिरणीतल्या बाकावर बसून तुम्ही बातमीदार व्हा आणि तिला दहा प्रश्न विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करून तिलाच ऐकवा. पाठ मात्र करू देऊ नका. पाठ केलेलं कॅमेऱ्यात लगेच कळतं.

अठरा तास अभ्यास केला, मोबाइलला हातच लावला नाही, असलं काही नको. ते ऐकून गावोगावच्या अभ्यासिकांतली पोरं स्वतःला दोष देत बसतात. पूर्व परीक्षेत नापास झाली असेल, तर तेही सांगावं.

कॅमेऱ्यासमोर बारीक रेघांचा ड्रेस नको, तो पडद्यावर लहरतो. खिडकीकडे पाठ करून बसली, तर चेहरा काळा येतो. बांगड्या माइकला लागतात. नजर बातमीदाराकडे असावी, लेन्सकडे नको. आणि तेवढा वेळ गिरणी बंद ठेवा!

पेपरवाला फोनवर विचारेल तेव्हा जास्त जपावं लागतं. मी एकदा घाईत म्हणालो होतो, "कला शाखेला जाताना पुढचं ठरवून जा, नाहीतर भवितव्य नाही." दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'कला शाखेला भवितव्य नाही'. महिनाभर प्राध्यापकांचे फोन घेत होतो. तेव्हापासून शेवटी विचारतो, "काय लिहून घेतलंत, जरा वाचून दाखवता?" बरेच जण दाखवतात. नाव, गाव, पद, वर्ष हे चिठ्ठीवर लिहून द्या. आणि मुलाखत संपली म्हणून चहा पिताना आयोगाच्या दिरंगाईवर तोंडसुख घेऊ नका. माइक बहुधा चालूच असतो. आज ती स्वतःचा अनुभव सांगू शकते. रुजू झाल्यावर मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतील, तेव्हा सरकारवर जाहीर टीका करता येणार नाही.

राहिले क्लासवाले. त्यांचा व्हिडिओ ही मुलाखत नाही, जाहिरात आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय यशस्वी उमेदवाराचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरता येत नाही. प्रवेश घेतानाच कशावर सही घेतली असेल, तर ती चालत नाही. शिवाय तिने कोणता कोर्स केला, हेही जाहिरातीत द्यावं लागतं. नुसत्या दोन अभिरूप (सरावाच्या) मुलाखती दिल्या असतील, तर तेवढंच लिहा म्हणावं. पोस्टरचा नमुना बघितल्याशिवाय सही करू नका, आणि हे फोनवर तुम्ही बोला, ताईला उद्याची तयारी करू द्या.