ओढ्यावर मुलांना नेऊन नक्की मोजायचं काय?

प्रश्न: मी पुण्यात बावधनच्या बाजूला एका शाळेत भूगोल शिकवते. दहावीच्या पुस्तकात क्षेत्रभेटीचा धडा आहे, त्यातली सहल नळदुर्ग ते अलिबाग, तेवढं आम्हाला जमणार नाही म्हणून रामनदीवर जायचं ठरवलं. पालक म्हणतात त्या गटारात मुलं काय शिकणार? आणि खरं सांगायचं तर फोटो काढण्यापलीकडे तिथे काय करायचं ते मलाही सुचत नाहीये.

उत्तर: ताई, नक्की जा. आणि एकाच जागी थांबू नका. रामनदी खाटपेवाडीकडून निघते आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत पुढे मुळेला मिळते. म्हणजे वरचा भाग आणि खालचा भाग एका दिवसात बघून होतो, गोदावरीच्या बाबतीत हे कुठून जमणार! पाऊस थांबून आठवडाभर झाला की जा, भर पावसात अजिबात नको, वर डोंगरात सर आली की खाली पाणी कधी चढेल याचा भरवसा नसतो.

मोजायचं वरच्या भागात, जिथे पाणी स्वच्छ आणि घोट्याच्या थोडं वर आहे तिथे. काठाने टेपने 10 मीटर आखा, वरच्या टोकाला संत्रं सोडा आणि खाली पोचायला किती सेकंद लागले ते बघा. संत्रंच का, तर ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. पाच वेळा सोडा, सरासरी काढा. समजा 25 सेकंद आले, तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. पण पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं म्हणून 0.8 ने गुणा, 0.32 झाले. आता पात्राची रुंदी घ्या आणि दर अर्ध्या मीटरवर पट्टीने खोली मोजा. रुंदी 3 मीटर आणि सरासरी खोली 20 सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटर, त्याला 0.32 ने गुणलं की 0.192 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 192 लिटर पाणी! हा आकडा स्वतः काढल्यावर मुलांचे चेहरे बघा तुम्ही, मी दरवर्षी बघत आलेय. त्याच खोल्या ग्राफ पेपरवर मांडल्या की पात्राचा छेद तयार. वळण असेल तर तिथेही मोजा, बाहेरच्या काठाला खोल आणि आतल्या काठाला वाळू-गोटे साठलेले, क्षरण आणि संचयन फळ्यावर काढायची गरजच उरत नाही.

पाषाणच्या खाली मात्र कुणालाही पाण्यात उतरवू नका, पुलावरूनच बघायचं. पाण्याचा रंग, वास, फेस, किती नाले येऊन मिळतात, दोन्ही भिंतींमध्ये पात्राला किती जागा उरलीये, आणि झाडांच्या फांद्यांना प्लास्टिक किती उंचीवर अडकलंय. ती पुराची खूण असते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आपल्याच शहरात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, हे मुलांना तिथेच सांगा. पालकांना मी तर म्हणेन सोबतच घेऊन जा, वरचं आणि खालचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत शेजारी ठेवलं की गटार कुठून सुरू होतं ते त्यांनाच दिसेल. खालची बाटली मोठ्यांनीच भरायची, ग्लोव्हज घालून, बादलीला दोरी बांधून.

आणि हो, साबण आणि हात धुवायला पाण्याचा कॅन न्या, पायाला जखम असलेल्या मुलाला काठावर बसवून स्टॉपवॉच द्या.