थारचं फ्लोअरिंग बदलताना खाली नमदा-फोम टाकावा का? साउंड डॅम्पिंग किती करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२१ ची महिंद्रा थार, हार्डटॉप (पक्क्या छताची), डिझेल, एमटी (चिखलासाठीचे, खोल नक्षीचे) टायर, गाडी मुंबईत. मूळ फ्लोअरिंग फाटलंय, आवाज फार येतो. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणतो, "खाली नमदा, त्यावर फोम, वर सेव्हन-डी मॅट, संध्याकाळपर्यंत गाडी एकदम शांत." करू का आणि खर्च किती? (नमदा म्हणजे दाबलेल्या तंतूंची जाड चादर, सेव्हन-डी मॅट म्हणजे फ्लोअरच्या मापाने बनवलेली रेक्झिनची मॅट.)

नका करू. या "खाली नमदा टाकून देतो" वाल्यांशी माझा वाद जुना आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या गाडीच्या तळाला निचऱ्याची बुचं आहेत. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा धुता येणारा फ्लोअर आणि ड्रेन प्लग ही तिची जाहीर केलेली वैशिष्ट्यं होती. म्हणजे आत पाणी येणार हे गृहीत धरून गाडी बनवली आहे. त्या बुचांवर तुम्ही पाणी शोषणारा नमदा अंथरणार, त्यावर मोकळ्या छिद्रांचा फोम, आणि वर वाफही बाहेर पडू नये अशी रेक्झिनची मॅट सोल्यूशनने चिकटवणार. पत्रा कुजवायची याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही.

लोक म्हणतात, "आमच्या गाडीत पाणी येतच नाही." मुंबईत येतं. जून ते सप्टेंबर ओले बूट आणि छत्र्या येतात. एसीच्या कूलिंग कॉइलचा निचरा पाइप पानांनी, चिखलाने तुंबला की पाणी बाहेर न पडता डावीकडच्या प्रवाशाच्या पायाशी उतरतं. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायरिंग आत येतं तिथली रबरी बुचं कडक होऊन सुटतात. काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं साचली की तिथलं पाणीही आतला रस्ता शोधतं. आणि अंधेरी सबवे किंवा हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात एकदा अडकलात की दाराच्या खालच्या रबराची परीक्षा होतेच. ते पाणी गटाराचं असतं, नमद्यात शिरलं की वास कायमचा. अलिबागच्या बाजूला वाळूत गाडी घालणारे वर मीठही आणतात. मीठ स्वतःच हवेतला ओलावा खेचतं, म्हणून खारट झालेला नमदा उन्हात ठेवला तरी पूर्ण सुकत नाही.

एका ओळखीच्या माणसाची मारुती जिप्सी उघडली होती, तिचं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या दुकानदाराचं पॅकेज त्यात जसंच्या तसं होतं. वरची मॅट कोरडी, चकचकीत. तक्रार एकच: डावी सीट ब्रेक मारला की किंचित पुढे डुलते. सीटवाला म्हणाला, रेल झिजली. मॅटची कड ब्लेडने उचलली तर खालचा फोम दाबल्यावर स्पंजसारखं पाणी सोडत होता. त्याखालचा नमदा काळा पडून पत्र्याला चिकटलेला, पात्याने खरवडावा लागला. निघाला तो तुकडा दोन्ही हातांनी उचलायला लागावा इतका जड. खाली गंजाचे पापुद्रे, एकावर एक सुटे. सीटच्या मागच्या ब्रॅकेटजवळ स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकी ठोकली, टोक आरपार. खाली उजेड दिसला. सीटचा बोल्ट घट्ट होता, नट घट्ट होता, पण नट ज्या पत्र्याला वेल्ड केलेला तो पत्राच राहिला नव्हता. पाणी आलं होतं एसीच्या निचरा पाइपातून. पाइप बाहेर काढण्याऐवजी कुणीतरी कार्पेटखालीच सोडलेला. बूच होतं, पण फोम बसवणाऱ्याने त्याच्यावरून सोल्यूशन फिरवलेलं.

डेंटरने जुना पत्रा कापून नवा वेल्ड केला. फोमवाला शेवटपर्यंत म्हणत राहिला, "आमचा माल चांगला आहे, गाडीच लीक होती." अहो, गाडी लीक होणार म्हणूनच तर खाली शोषणारा माल नको!

आता आवाज. एमटी टायरचा आवाज, ट्रान्सफर केसची (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची) शीळ, इंजिनाचा धडधडाट, दारांचा वारा हे चार वेगळे आजार आहेत आणि फ्लोअर यातल्या दोघांवरच औषध आहे. आधी गिअर आणि फोर बाय फोरच्या दांड्यांचे रबरी बूट बघा. त्यांना चीर गेली असेल तर गिअरबॉक्सचा आवाज थेट केबिनमध्ये येतो, मग खाली किती किलो माल चिकटवलात तरी फरक नाही. फायरवॉलची रिकामी भोकं बंद करा. बॉडी माउंटची (बॉडी आणि चॅसीमधली) रबरं आणि इंजिन ज्यावर बसतं ते माउंट दबलेत का बघा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली जात असेल तर तिथून वारा येतोय. एवढं केलं की निम्म्या लोकांना पुढचं काही करावंसं वाटत नाही.

तरी करायचं असेल तर तीन थरांची तीन वेगळी कामं आहेत. ब्युटाइल रबराची अ‍ॅल्युमिनियम फॉइलवाली शीट पत्र्याचं कंपन मारते. ती आवाज अडवत नाही. जड विनाइल, म्हणजे ज्याला एमएलव्ही म्हणतात, ते हवेतून येणारा आवाज अडवतं. मधला बंद छिद्रांचा फोम त्या विनाइलला पत्र्यापासून सुटं ठेवतो. नुसता फोम टाकून "साउंडप्रूफ" म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नका.

ब्युटाइल २ मिमी पुरतं. संपूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, आणि हा माझा दुसरा जुना वाद. पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका. टण्ण वाजतो तिथे मधोमध तुकडा लावा, ठक्क वाजतो तिथे सोडून द्या. सपाट भागाचा २५ ते ३० टक्के भाग झाकला की कंपनाचा बहुतेक फायदा मिळालेला असतो. पुढचे पैसे वजन वाढवण्यात जातात. २ मिमी ब्युटाइल चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास भरतं. थारमध्ये पहिला मान मागच्या चाकांच्या डब्यांचा: ते केबिनमध्ये उघडे येतात आणि एमटी टायरचा आवाज तिथूनच घुमतो. मग पुढच्या पायांखालचा भाग आणि फायरवॉलचा उतार. बुचं, शिवणीवरचं सीलंट आणि फ्युएल पंपाचं झाकण असेल तर ते, यांच्यापासून बोटभर जागा सोडा. दोन सीटांमधल्या उंचवट्यावर एअरबॅग चालवणारा डबा (मॉड्यूल) असतो, त्याच्या जवळपास काही चिकटवू नका.

लावण्याआधी पत्रा व्हॅक्यूम करून डीग्रीझरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा, फडकं पांढरं राहीपर्यंत. गंज असेल तर तारेच्या ब्रशने मोकळा करा, टू-के (दोन भाग मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर मारा, शिवणीत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या प्रायमरवर शीट दाबली की खाली सॉल्व्हंट अडकतो आणि फुगे येतात. हीट गनने शीट कोमट करून लोखंडी रोलरने दाबायची, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. ऑगस्टमध्ये हे काम करू नका, डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा बघा.

ब्युटाइल म्हणून डांबराची शीट गळ्यात मारणारे भरपूर. रॉकेलमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं चिकट बाजूवर घासा. तपकिरी डाग आला, डांबराचा वास आला, की परत करा. तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. डांबर कडक होऊन मोडतं, ब्युटाइल वाकतं. सायलेन्सरच्या वरच्या भागात डांबर मऊ होऊन ओघळतं आणि एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली गाडी वास मारते.

फोम घ्यायचा तो नायट्रिल रबराचा किंवा क्रॉसलिंक पॉलिथिलीनचा, ६ मिमी. एसीच्या डक्टवर जो काळा फोम गुंडाळतात तोच नायट्रिल. नागदेवी स्ट्रीटला रबराच्या दुकानांत मापाने कापून मिळतो, गाडीचं नाव सांगितलंत तर भाव वाढेल. तुकडा पाण्यात दाबून धरा, पिळा, वजन करा. वजन वाढलं तर तो आपल्या कामाचा नाही. फोम आणि जड विनाइल चिकटवू नका, नुसतं अंथरा. उचलून दोरीवर वाळत घालता यायला हवं. विनाइलचे सांधे मात्र एकावर एक चढवा, फट राहिली तर आवाज फटीतून येतो. चौरस मीटरला ५ किलोचं विनाइल घेतलंत तर तीन चौरस मीटरला १५ किलो होतात, तेवढं मान्य असेल तरच. वजन दुप्पट केलं तर अडवणूक साधारण ६ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल लागतात. "आवाज ७० टक्के कमी" हे दुकानातलं वाक्य यावर तपासून बघा.

वरच्या थराला सेव्हन-डी मॅट नको. बसमध्ये असतं तसं खरखरीत विनाइल किंवा ३ मिमी रबराची कॉइन मॅट (नाण्यांसारखे गोल उठाव असलेली) घ्या. जुनं फ्लोअरिंग फाटलं असलं तरी फेकू नका, तोच नमुना. नवं शीट तासभर उन्हात पसरा, मऊ झालं की जुनं वर ठेवून कडेने एक सेंटीमीटर जास्त सोडून कापा, गाडीत बसवून मग छाटा. बुचाच्या जागी भोक ठेवाच. अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट टाकून ट्रकसारखा दिमाख करणारे आहेत. खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टभोवती अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, वर ती वाजते ती वेगळीच. सेल्फ-टॅपिंग स्क्रू तर अजिबात नको. खाली ब्रेकचा पाइप आहे, डिझेलचा पाइप आहे, आणि प्रत्येक भोक हा गंजाचा दरवाजा.

सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून दहा मिनिटं थांबा. सीटखाली बकलची वायर असते. ती सुटी असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. जुन्या गाडीत बोल्टला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंज सैल करणारं तेल) मारून ठेवा, गोटी पाना जोरात फिरवला की आतला वेल्ड केलेला नट सुटतो. बसवताना सीटच्या पायाखाली फोम, ब्युटाइल, मॅट काहीही येता कामा नये. पाय पत्र्यावर लोखंडाला लोखंड बसले पाहिजेत, भोवती ५ मिमी मोकळं कापा. खाली फोम राहिला तर तो काही महिन्यांत दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्याने द्या, "हाताला कळतं" हे सीटबेल्टच्या बोल्टला चालत नाही. आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा: खाली सेंटीमीटरभर जाडी वाढली आहे, पेडल मॅटला टेकत किंवा अडकत असेल तर तिथला फोम काढा.

फरक मोजायचा असेल तर फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या मीटरला सी-वेटिंग (खालचे घुमणारे आवाजही धरणारी सेटिंग) लावा. ए-वेटिंगमध्ये खालची घुमघुम गळून जाते आणि काही केलंच नाही असं वाटतं. आधी-नंतर रस्ता तोच, वेग तोच, गिअर तोच, टायरची हवा तीच. सिमेंटच्या रस्त्यावरचा आकडा डांबरी रस्त्याच्या आकड्याशी लावू नका.

खर्चाचं म्हणाल तर पॅकेजचा भाव विचारूच नका, माल वेगळा घ्या आणि मजुरी वेगळी ठरवा. फ्लोअर आणि चाकांचे डबे मिळून ब्युटाइल दीड ते दोन चौरस मीटर, नायट्रिल फोम तीन-साडेतीन, वरचं विनाइल चार, कारण कापण्यात वाया जातं. एमएलव्ही पहिल्या फेरीत घेऊ नका. ब्युटाइल लावून महिनाभर चालवा, मग ठरवा.

हे सगळं हार्डटॉपसाठी. सॉफ्टटॉपवाल्यांनी फ्लोअरवर पैसे घालू नयेत, कापडातून येणारा वारा सगळं गिळून टाकतो. तुमचा मुख्य त्रास टायरचाच असेल आणि वर्षातून दोनदाच चिखलात जात असाल, तर एमटी विकून एटी (रस्त्यावर आणि कच्च्यावर दोन्हीकडे चालणारे) टायर घ्या. आणि दुकानदार "मग नमद्याऐवजी फेल्ट टाकतो" म्हणेल. दोन्ही एकच.