बिजागरीच्या क्लबने सरळ, स्वतःच्या ड्रायव्हरने पुन्हा स्लाइस: असे का होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमध्ये लांब फटक्यासाठी वापरायचा क्लब; दांड्यात बिजागरी असलेला सरावाचा ड्रायव्हर आपण घेतला, काही आठवड्यांत ती बिजागरी स्विंगमध्ये दुमडेनाशी झाली आणि त्या क्लबने मारलेले चेंडूही बऱ्यापैकी सरळ जाऊ लागले. मात्र स्वतःचा ड्रायव्हर हातात घेतला की येरे माझ्या मागल्या, चेंडू पुन्हा उजवीकडे वळतो, म्हणजेच स्लाइस होतो. साधन निकृष्ट आहे की आपण ते चुकीचे वापरता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही नाही. स्लाइस घालवण्याचे काम आपण ज्या साधनाकडे सोपवले आहे, ते साधन त्या कामासाठी बनलेलेच नाही. पुढचे सर्व विवेचन उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या दृष्टीने केले आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट समजाव्यात.

बिजागरी दुमडते ती क्लबला हिसका बसला किंवा तो आपल्या प्रतलातून, म्हणजे फिरण्याच्या ठरलेल्या तिरप्या पातळीतून, निसटला तर. बॅकस्विंगची, म्हणजे क्लब मागे-वर नेण्याची, सुरुवात मनगटांनी ओढून केली, किंवा वर पोहोचल्यावर घाईने खाली खेचले, की ती लगेच चुगली करते, आणि एवढ्यापुरते ते साधन उत्तमच आहे. परंतु चेंडूला लागण्याच्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी पुढची बाजू, कोणीकडे पाहत होता, याविषयी ती एक अक्षरही सांगत नाही. शिवाय बिजागरी मोडू नये म्हणून खेळाडू नकळत वेग कमी करतो, आणि कमी वेगात फेस बंद व्हायला, म्हणजे डावीकडे वळायला, अवसर मिळतो व चेंडू वळतोही कमी. आपल्याला दिसलेला सरळ चेंडू हा बराचसा त्या संथपणाचा परिणाम असावा. स्वतःचा ड्रायव्हर घेतल्यावर पूर्ण वेग परततो आणि त्याबरोबर उघडा, म्हणजे उजवीकडे पाहणारा, फेसही.

म्हणून नवे साधन घेण्यापूर्वी निदान करावे. चेंडू निघताना मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो आणि पुढे किती वळतो ते फेस व क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर ठरते. पूर्वी उलट शिकवले जात असे, म्हणजे चेंडू मार्गाच्या दिशेने निघून फेसच्या दिशेला वळतो असे. 2003 मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅनच्या रडारसारख्या, क्लब व चेंडूची हालचाल मोजणाऱ्या यंत्रांमुळे ती समजूत मागे पडली, तरी सरावाच्या रेंजवर सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी ती अजून टिकून आहे. समजा, आपला क्लब लक्ष्याच्या 6 अंश डावीकडे जात आहे आणि फेस 2 अंश डावीकडे पाहत आहे. लक्ष्याच्या हिशेबाने फेस बंद आहे, पण मार्गाच्या हिशेबाने तो 4 अंश उघडा आहे; त्यामुळे चेंडू किंचित डावीकडे निघून उजवीकडे वळेल. अशा वेळी वैतागून आणखी डावीकडे रोख धरून उभे राहिले, तर मार्ग अधिकच डावीकडे जातो आणि वळण वाढते. तेव्हा चेंडू कोठे पडला यापेक्षा तो निघाला कोणीकडे, हे आधी पाहावे. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे वळत असेल, तर फेस लक्ष्याच्या हिशेबानेही उघडा आहे आणि ग्रिप तपासायला हवी: डावा हात क्लबवर पुरेसा उजवीकडे वळवून धरला आहे ना, आणि खाली पाहिल्यावर त्या हाताची निदान दोन बोटांची पेरे दिसतात ना. यासाठी कोणतेही साधन विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे. पायांना मारायच्या पावडरीचा स्प्रे क्लबफेसवर हलका मारावा आणि काही चेंडू मारून ठसे कोठे उमटतात ते पाहावे. ड्रायव्हरने चेंडू टाचेकडच्या, म्हणजे दांड्याजवळच्या, भागात लागला, तर क्लबचे डोके धक्क्याने फिरते आणि चेंडूला त्याच्या उलट फिरकी मिळते. ती फिरकी स्लाइसचीच असते. म्हणजे मार्ग आणि फेस दोन्ही ठीक असूनही केवळ ठसा चुकल्याने चेंडू उजवीकडे वळू शकतो. ठसे टाचेकडे दाटले असतील, तर क्लबच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवून दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) जमिनीत रोवाव्यात, एक टाचेच्या बाजूला व एक अग्राच्या, म्हणजे दांड्यापासून दूरच्या टोकाच्या, बाजूला, आणि दोन्हींना न लागता मधून क्लब काढावा.

मार्गच बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्याकडे, येत असेल, तर ड्रायव्हरवर चढवायचे मऊ कव्हर चेंडूच्या पलीकडच्या अंगाला, थोडे मागे ठेवावे. क्लब बाहेरून आला की तो कव्हराला लागतो; आतून आला तर लागत नाही. अलाइनमेंटची, म्हणजे रोख जुळवण्याची, काठी तिरपी रोवूनही हाच सराव करतात, पण पूर्ण वेगात फायबरग्लासच्या काठीवर हात आपटला तर मनगट दुखावते. काठीच वापरायची असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवावी.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे साधन किती वेळ हाती ठेवावे. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी 1984 मध्ये कौशल्य शिकण्याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की, प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून मार्गदर्शन मिळत राहिले तर त्या वेळची कामगिरी सुधारते, परंतु शिकणारा त्या आधारावरच विसंबतो आणि आधार काढताच कामगिरी ढासळते. आपल्या बाबतीत नेमके हेच घडलेले दिसते. आठवडे एकाच क्लबने सलग सराव झाला आणि स्वतःच्या ड्रायव्हरशी त्याची सांगड कधी घातलीच गेली नाही. म्हणून साधनासह दोन-तीन सावकाश स्विंग, चेंडूशिवाय, आणि लगेच स्वतःच्या ड्रायव्हरने एक चेंडू, मागे उभे राहून लक्ष्य निवडण्यापासूनच्या संपूर्ण तयारीसह, अशी फेरी करावी. प्रत्येक फेरीत लक्ष्य बदलावे. पुढच्या सत्रांत साधनाचा वाटा कमी करत न्यावा आणि ते फक्त चेंडू बिघडू लागला तरच उचलावे. अशा सरावात चेंडू सुरुवातीला वाईटच जातात, आणि बरेच जण येथेच कंटाळून पुन्हा साधनाला चिकटतात. तो मोह टाळावा.

लक्ष कोठे ठेवावे, यालाही महत्त्व आहे. हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये नवशिक्यांच्या पिच शॉटवर, म्हणजे कमी अंतराच्या उंच फटक्यावर, प्रयोग केला. हातांच्या हालचालीवर लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीवर लक्ष देणारे सरावातही आणि नंतरच्या चाचणीतही अधिक अचूक ठरले. त्यामुळे ‘उजवे कोपर आत ठेवायचे’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘कव्हराला न लागता क्लबचे डोके बाहेर काढायचे’ हे मनात ठेवावे. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत खाली येण्याचा भाग, साधारण पाव सेकंदात संपतो. तेवढ्यात कोपराला सूचना देऊन ती अमलात येईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

लवचीक दांड्याचा, टोकाला वजन असलेला स्विंगर हा लय आणि अंग मोकळे करण्यासाठी चांगला. स्लाइसवर त्याचा थेट उपाय म्हणून भरवसा ठेवू नये. काखेत हातमोजा धरून मारण्याचा सराव व्यावसायिक गोल्फपटू विजय सिंगमुळे प्रसिद्ध झाला आणि आखूड आयर्नच्या (कमी अंतरासाठीच्या लोखंडी क्लबच्या) अर्ध्या स्विंगसाठी तो खरोखर उपयुक्त आहे, परंतु ड्रायव्हरच्या पूर्ण स्विंगमध्ये मोजा शेवटपर्यंत धरून ठेवण्याचा अट्टहास केला तर हात आखडतात.

बिजागरीचा क्लब फेकून देऊ नये. सत्राच्या सुरुवातीला काही संथ स्विंगसाठी तो ठेवावा, आणि ठसे व उड्डाण पाहून निवडलेल्या सरावाकडे मग वळावे. एक सावधगिरी मात्र हवी: गोल्फच्या नियम 4.3 नुसार खेळाची फेरी चालू असताना स्विंगचे प्रशिक्षण साधन किंवा अलाइनमेंटची काठी वापरून सरावाचा स्विंग केला, तर पहिल्या वेळी सर्वसाधारण दंड होतो, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन स्ट्रोक आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) ते होल गमावणे, आणि दुसऱ्या वेळी खेळाडू बाद ठरतो. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागेवर, आपली पाळी येण्याची वाट पाहताना पुष्कळ जण काठी हातात घेऊन उभे असतात. स्वतःची फेरी सुरू होईपर्यंत त्याला हरकत नाही, पण पहिला चेंडू मारल्यानंतर ती बॅगेतच राहू द्यावी.